माझं हृदय लतिकाच्या मनगटावर

चेरीताल, जबलपूर
रविवार, सकाळ

आदरणीय शांतारामदादांस,

नीलकंठचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला आपलं क्षेम कळवायची रीत आहे, पण आमचं क्षेम सध्या आमच्या हाती राहिलेलं नाही. ते हैदराबादला आमच्या लेकीच्या, प्रणोतीच्या मोबाइलवर दिसतं आणि तिथून ती आम्हाला फोन करून सांगते. कालच्या माहितीप्रमाणे मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर उतरली का? परतवाड्याला अजून मोबाइलमधून डॉक्टर येत नसतील तर घाई करू नका, आणि येत असतील तर खोलीतला पंखा आधी पुसून घ्या. कारण पुढे कळेलच.

फोन सोडून हा बावा पत्र काहून लिहून राहिला, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमची बहीण लतिका फोन स्पीकरवर ठेवून बोलते, हे तुम्हाला माहीत आहे. मी तुम्हाला फोन लावला की ती भाजी निवडायची परात घेऊन शेजारी येऊन बसते आणि माझ्या वाक्यांचा शेवट ती करते. मेसेज लिहावा तर दोघांच्या मोबाइलमध्ये सगळं एकमेकांना दिसेल अशी सोय प्रणोतीनं करून ठेवली आहे (तिला सोय म्हणतात, हे मला सांगण्यात आलं). म्हणून हा कागद. तो कुठेही वाजत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या फॅक्टरीतले, माझ्याच इन्स्पेक्शन सेक्शनचे बळीराम, चहा पिता पिता गेले, हे तुम्हाला कळवलं होतं. ते मी प्रणोतीलाही कळवलं, तिथं चुकलो. बळीरामची तेरवी व्हायच्या आत माझ्या नावानं एक घड्याळ घरी आलं. काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं. वेळ ते सांगतं, पण मनापासून नाही. त्याचं खरं लक्ष आपल्या नाडीवर, झोपेवर, चालण्यावर आणि आपण किती वेळ बसून आहोत यावर असतं. फार वेळ बसलं की ते मनगटावर गुरगुरतं आणि उठायला सांगतं. मी नोकरी सगळी बसून केली, बसूनच रिटायर झालो, आणि सरकारनं त्याबद्दल मला शाल दिली. पण घड्याळाला ते ठाऊक नव्हतं.

बळीरामच्या शोकसभेत आमच्या मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचं बोलणं तुम्ही लग्नात ऐकलं आहे. बळीरामच्या शिस्तीवरून ते त्यांच्या स्वतःच्या शिस्तीवर आले आणि तिथं रमले. तेवढ्यात घड्याळ गुरगुरलं. मी नवा होतो, आज्ञा पाळायची सवय होती, उठून उभा राहिलो. मला उभं पाहून मागची रांग उठली, तिला पाहून पुढची उठली, आणि सगळी सभा मान खाली घालून उभी आहे हे बघून अध्यक्षांनी बोलणं आवरतं घेऊन मौन जाहीर केलं. बाहेर आल्यावर बळीरामच्या मुलानं माझे दोन्ही हात धरून आभार मानले. घड्याळाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

त्यानंतर मात्र फोन सुरू झाले. मी दुपारी लवंडलो की, "बाबा, आज स्टेप्स इतने कम काहून आहेत?" (आपली प्रणोती मराठी समजते सगळी, बोलताना मात्र हिंदीच्या पाटावर बसून मराठीचा एक घास घेते.) खोव्याच्या जलेबीच्या दुकानापर्यंत भराभर गेलो की, "बाबा, चार बजे हार्ट रेट बढ़ा था, क्या कर रहे थे?" मी सांगितलं, पाल हाकलून राहिलो होतो. दुसऱ्या दिवशीही पालच सांगितली. तिसऱ्यांदा तिनं परस्पर पेस्ट कंट्रोलवाला पाठवला. त्याला एकही पाल सापडली नाही आणि तो मलाच संशयानं बघून गेला.

मग मी एक साधा तोडगा काढला. लतिका रोज सकाळी फिरायला जाते. शाळेतून रिटायर झाल्यापासून तिचा नेम आहे. मी म्हटलं, तू फिरतेसच, हे घालून फीर. तिला ते आवडलं, कारण अंधारात आकडे दिसतात. तिनं पट्टा आत घेतला आणि मी मोकळा झालो. घड्याळ जोडलेलं माझ्या मोबाइलला, मोबाइल माझ्या खिशात, नाव माझं, फोटो माझा, वय माझं. फक्त पाय लतिकाचे. आठवड्याभरात प्रणोतीचा मेसेज आला की तिला माझा अभिमान वाटतो. तिच्या ऑफिसात माझं उदाहरण दिलं गेलं. कानपूरला कुणा सहकाऱ्याचे वडील आहेत, ते माझ्यामुळे पहाटे उठायला लागले. एवढं झाल्यावर माघार कशी घ्यायची, तुम्हीच सांगा.

याच सुमारास लतिका धार्मिक झाली. म्हणजे देवभोळी ती नव्हतीच. देवळावरून जाताना चालता चालता मान लववायची, तेवढंच. पण मी दूध आणायला निघालो की मला ती पुढे गल्लीत दिसायची. हनुमानाच्या देवळापाशी कठड्याला धरून उभी, डोळे मिटलेले. पुढे पिंपळापाशी तसंच. आणखी पुढे त्या बंद पडलेल्या प्रेसच्या शटरपाशी तसंच. तिथं कोणता देव आहे हे मी विचारलं नाही. बायकोच्या श्रद्धेत नवऱ्यानं पडू नये, असं माझं मत होतं. त्या दिवसांत ती गच्चीवरही कमी जायला लागली, आणि मी समजलो की मन वैराग्याकडे वळून राहिलं.

एका दुपारी मी स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होतो. फोन वाजला. प्रणोतीचा आवाज असा होता की मी आधी ट्यूबलाइट सांभाळली.

"बाबा, लेट जाओ. अभी. हिलना मत."

मी म्हटलं, स्टुलावर निजता येत नाही. ती रडायच्या बेतात होती. घड्याळानं तिला कळवलं होतं की माझ्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडत आहेत आणि ताबडतोब डॉक्टरला दाखवावं. मी मनगटाकडे बघितलं. मनगट रिकामं. मला एकदम हलकं वाटलं. घड्याळ माझ्या हाताला नाही, म्हणजे त्यात दिसतं ते खोटं. म्हणजे मी ठणठणीत. म्हणजे घड्याळ बिघडलं. दादा, उभी हयात मी नळकांडी आणि दट्टे मोजले. मापात खोट दिसली की आधी मापयंत्र तपासा, हे मी पोरांना शिकवत आलो. त्याच्याही आधी, यंत्रात लावलेला पार्ट कोणता आहे हे बघायचं असतं. ते मी शिकवत होतो की नाही, आता आठवत नाही. त्या दिवशी मी बघितलं नाही, एवढं खरं.

मी स्टुलावरून उतरतो न उतरतो तोच प्रणोतीनं हैदराबादहून बसल्या बसल्या इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. हृदयाच्या डॉक्टर, नेहा मॅडम. त्या बसतात राइट टाउनात, आमच्या घरून स्कूटरनं चहा निवायच्या आत पोचता येईल इतक्या जवळ. पण त्या मोबाइलमधून आल्या. पडद्यावर तीन चौकोन: एकात डॉक्टर, एकात प्रणोती, एकात मी. लतिका भाजीला गेली होती, ते बरंच होतं.

"अंकल, मुझे सिर्फ पंखा दिख रहा है," डॉक्टर म्हणाल्या.

मी फोन वर केला, कपाळ दिसलं. खाली केला, बनियन दिसली. शेवटी त्या समजूतदारपणे म्हणाल्या की पंखा चालेल, तुम्ही बोला. पण बोलायचं मला काही उरलंच नाही. छातीत दुखतं का, याचं उत्तर प्रणोतीनं दिलं. झोप लागते का, याचंही तिनंच दिलं, आकड्यांसकट. मला फक्त जीभ दाखवायला सांगितली, ती मी पंख्याच्या शेजारी आणून दाखवली. औषधाचा कागद, तपासण्यांची यादी आणि दुसऱ्या दिवशीची हॉस्पिटलातली वेळ, सगळं माझ्या मोबाइलवर येऊन पडलं आणि मी अजून नमस्कार करत होतो.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, चांगली माणसं आहेत. तिथं आता रिसेप्शनच्या आधी एक उभं यंत्र आहे. ते आपला चेहरा बघून आपल्याला ओळखतं. मी चष्मा घालून उभा राहिलो, ओळखलं नाही. काढून उभा राहिलो, मला ते दिसेना. मागचे एक सद्गृहस्थ माझ्या मदतीला वाकले तेव्हा यंत्रानं आनंदानं त्यांना नीलकंठ म्हणून आत घेतलं. त्यांचं पोटाचं काही होतं. ते निस्तरायला वेळ लागला, पण त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. म्हणाले, चलो, इसी बहाने दिल भी चेक हो गया होता.

मग माझ्या छातीला तारा चिकटवल्या, कागद काढला, आणि एक डबी गळ्यात बांधून घरी पाठवलं. ती डबी एक दिवस आणि एक रात्र ठोक्यांची नोंद ठेवते. लतिकाला मी सांगितलं की रिटायर्ड लोकांची रुटीन तपासणी आहे. ती बरं म्हणाली. फक्त त्या आठवड्यात भाजीत मीठ नसायचं आणि माझ्या पुढ्यातली लोणच्याची बरणी दिसेनाशी झाली. मी समजलो, वैराग्य स्वयंपाकापर्यंत आलं.

डबीचा निकाल मी घरी पोचायच्या आत मोबाइलवर आला. सगळं नॉर्मल. तारा काढणारा म्हणाला होताच, अंकल, दिल तो लड़कों जैसा है. मी मनातून घड्याळाला नापास करून टाकलं. पण डबी माझ्या गळ्यात होती त्याच वेळात घड्याळानं प्रणोतीला पुन्हा कळवलं होतं की माझे ठोके चुकून राहिले. एक माणूस, दोन यंत्रं, दोन हृदयं. डॉक्टर नेहा चक्रावल्या आणि त्यांनी पुन्हा वेळ दिली. पुन्हा तीन चौकोन, पुन्हा पंखा.

"अंकल, घड़ी आप ही पहनते हैं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घड़ी घर में ही रहती है. हे उत्तर खोटं नव्हतं, हे तुम्ही मान्य कराल.

त्यांना पुढे विचारायचं होतं, तेवढ्यात लतिका गच्चीवरून खाली आली. वाळवायला घातलेले सांडगे आभाळ आलं म्हणून ती काढायला गेली होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि फोनमध्ये कोण आहे ते बघायला वाकली. तिला बोलताच येत नव्हतं.

"अंकल," डॉक्टर म्हणाल्या, "आप इतना हाँफ क्यों रहे हैं? आप तो बैठे हैं ना?"

"मैं नहीं," मी म्हटलं, "मेरी पत्नी."

आमच्या चौकोनात पंखा फिरत होता, आणि त्याच्याखाली आता लतिका वाकलेली दिसत होती. मग डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आंटी के हाथ में क्या है?"

मी फोन वळवला. "सांडगे."

"दूसरे हाथ में."

दुसऱ्या हातात घड्याळ होतं. माझ्या नावाचं.

मग प्रणोतीनं जे विचारलं ते सगळं मराठीत विचारलं. हिंदीचा एक शब्द नाही. इतकं सलग मराठी मी तिच्या तोंडून शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर ऐकलेलं नाही. "आई, ते घड्याळ तुझ्या हातात काहून आहे? कधीपासून आहे? तुला दम लागून राहिला, तर तू सांगितलं काहून नाही?" लतिका परात खाली ठेवून म्हणाली, अगं, जिना चढल्यावर सगळ्यांनाच लागतो. आणि हे म्हणतानाही तिनं मधे दोनदा श्वास घेतला. तेव्हा मला ते हनुमानाचं देऊळ दिसलं, पिंपळ दिसला, आणि त्या बंद प्रेसचं शटर दिसलं. ती तिथं देवासाठी थांबत नव्हती. मी रोज तिच्या मागून दुधाची पिशवी घेऊन चालत होतो आणि मनात तिच्या भक्तीचं कौतुक करत होतो.

"अंकल," डॉक्टर म्हणाल्या, "फिर से पंखा दिख रहा है. आप फोन आंटी को दे दीजिए."

मी दिला.

या वेळी स्कूटरनं गेलो. लतिका मागे बसून माझ्या खांद्याला धरून होती आणि म्हणत होती की हळू चालवा, घाई कशाची आहे. रिसेप्शनवरच्या मुलीनं कॉम्प्युटर उघडला आणि अडचण सांगितली: ठोके चुकल्याच्या सगळ्या नोंदी माझ्या नावावर आहेत, त्या लतिकाच्या नावावर करायची सोय त्यात नाही. "सर, सिस्टम में दिल आपका है, मैडम का तो अभी बना ही नहीं." मी म्हटलं, बेटी, मग बनव. तिनं बनवलं. यंत्रानं लतिकाचा चेहरा मात्र पहिल्या झटक्यात ओळखला. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला, मी बघितलं.

आतमध्ये डॉक्टर नेहा पूर्ण दिसल्या. वाटल्या होत्या त्याहून उंच आहेत. त्यांनी लतिकाचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत राहिल्या. मोबाइलमधून येणाऱ्या डॉक्टरला ते करता येत नाही, हे मला तेव्हा जाणवलं. घड्याळानं लतिकाला नुसते आकडे दाखवले होते, पण तिला सगळं सांगायला लावलं त्या हातानं. ती सांगत गेली. चालताना थांबावं लागतं. उश्या दोन घ्याव्या लागतात. पाय सुजतात, म्हणून पैंजण काढून ठेवले. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. पैंजण काढल्याचं मला आठवलं. तेही मी वैराग्यातच धरलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, घड्याळावर मेसेज येत होता, तो तुम्ही वाचला नाही का? लतिका म्हणाली, वाचला. पण घड्याळ यांचं आहे, जोडलेलं यांच्या मोबाइलला आहे, मोबाइल यांच्या खिशात, छातीपाशी असतो. मी समजले, ते यांच्याच हृदयाचं सांगून राहिलं. म्हणून मी यांचं मीठ कमी केलं. यांना सांगितलं असतं तर यांनी धसका घेतला असता.

दादा, असं आहे. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच घड्याळावरून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि ती दोघांनाही चुकीची कळली होती. डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे फार लक्षपूर्वक बघितलं. हसू आवरत होत्या की दुसरं काही, सांगता येत नाही.

मग हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्यावर लतिकाचं हृदय दिसलं. इतकी वर्षं सोबत राहून मी ते पहिल्यांदाच बघत होतो. काळंपांढरं होतं, आणि फार कष्टानं उघडझाप करून राहिलं होतं. त्यातली एक झडप आखडली आहे. रक्त पुढे जायला वाट अरुंद, म्हणून दम, म्हणून ठोक्यांचा ताल सुटतो. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जायची भीती होती, असं डॉक्टरांनी प्रणोतीला फोनवर सांगितलं. मला त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं. मी मग प्रणोतीकडून कडक शब्दांत विचारून घेतलं. ती चित्रं त्यांनी तिथूनच दिल्लीच्या एका मोठ्या डॉक्टरांना पाठवली आणि आमचा चहा संपायच्या आत त्यांचं उत्तर आलं. तुमच्या वडिलांच्या वेळी नागपूरला एक्स-रेची एक फिल्म डॉक्टरला दाखवायला आपण दोघं गाडीच्या दारात बसून गेलो होतो, ते आठवलं. म्हणजे ही यंत्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ते घड्याळ नसतं तर लतिका आजही त्या शटरपाशी उभी असती, आणि मी नमस्कार करून पुढे गेलो असतो.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. दम पुष्कळ कमी आहे. गोळ्यांची आठवण मात्र अजून सिस्टममधून मलाच येते: "नीलकंठ जी, रक्त पतला करने की दवा का समय हो गया." तीनदा सांगूनही ते मला बरं मानायला तयार नाही. मी मग उठून लतिकाला गोळी देतो, पाणी देतो, आणि "घेतली" असं दाबतो. प्रणोती लगेच अंगठा पाठवते. घड्याळ लतिकाच्याच हातात आहे, आता तिच्या नावाचं. मला दुसरं येऊन राहिलं. मी ते घालीन, दादा. स्वतःच्याच हाताला घालीन.

तेव्हा एकंदरीत सगळं ठीक आहे. काळजीचं काही कारण नाही. फक्त कळवावं म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
नीलकंठ

ता. क. एक विचारायचं राहिलं. डॉक्टर म्हणतात, अशी झडप बहुतेकदा लहानपणच्या आजारानं खराब होते. ताप येऊन सांधे सुजतात, तो आजार. लतिकाला लहानपणी तसं काही झालं होतं का? तिला विचारलं तर म्हणते, आठवत नाही. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं वजन, उंची, रक्त, चेहरा, सगळं आहे. पण लहानपणाचा रकाना कोरा आहे. आई-अण्णा गेले. आता तिचं लहानपण फक्त तुमच्याकडे आहे. आठवेल तसं कळवा.

ता. क. २. झडप फुग्यानं उघडणार आहेत. मांडीतून नळी घालतात, छाती उघडत नाहीत. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. प्रणोती येणार आहे, पण तिच्या हातात मोबाइल असेल. ऑपरेशनच्या खोलीबाहेर हॉस्पिटलनं मोठा पडदा लावला आहे. पेशंटचा नंबर आणि रंग त्यावर दिसतो: आत नेलं की पिवळा, सुरू झालं की निळा, झालं की हिरवा. फार चांगली सोय आहे, कुणाला काही विचारावं लागत नाही. मी परवा जाऊन बघून आलो. एक गृहस्थ त्या पडद्याकडे बघत एकटेच बसले होते. त्यांचा निळा होता. मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसलो आणि मग मला तिथं बसवेना. दादा, तुम्ही या. काही बोलू नका, तुम्ही तसेही बोलत नाही. नुसते शेजारच्या खुर्चीत बसा. लतिकाला मात्र सांगा की भाचीला भेटायला आलो, नाहीतर तिला वाटेल की काही गंभीर आहे आणि ती घाबरेल.

ता. क. ३ (हे अक्षर माझं, लतिकाचं). दादा, सा. नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ताप आला होता, मला चांगलं आठवतं. गुडघे सुजले होते आणि तू मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेत होतास, दोन महिने. यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुला पत्र लिहायला यांच्याकडे कारण उरलं नसतं, आणि नुसतं "या" असं यांच्या हातून लिहिलं गेलं नसतं. तू ये. दोन दिवस आधीच ये. मी वाचलं हे यांना कळू देऊ नको आणि यांना माझ्यासाठीच आलो असं सांग. मला झोपेचं औषध देणार आहेत, मला काय कळणार आहे? बाहेर बसायचं काम यांच्याकडे आलं आहे.